शाळेच्या भिंतीत कोणती वायर जाणार?

मंडळी, पोस्ट लांब आहे. आपल्या शाळेच्या चार खोल्यांच्या दुरुस्तीचा विषय येत्या ग्रामसभेत आहे. त्यात वायरिंगचा मुद्दा मी मांडणार आहे. तिथे दोन मिनिटांत सगळं बोलता येणार नाही, म्हणून आधी इथे लिहितो. ज्यांना जुन्या गोष्टींत रस आहे त्यांनी पूर्ण वाचावं, ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटचे तीन-चार परिच्छेद तरी वाचावेत.

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. ज्या कंपनीने तो लावला ती पुढच्याच वर्षी बुडाली. नंतर १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, म्हणजे आजच्या बेस्टची आई. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि घाटावर पडणाऱ्या पावसावर गिरण्या चालू लागल्या. आज त्याच क्रॉफर्ड मार्केटपासून चालत पाच-दहा मिनिटांवर लोहार चाळ आहे. वायर, स्विच, होल्डर, पंखे, झुंबरं, जे म्हणाल ते तिथे मिळतं. कोकणातल्या किती घरांची वीज त्या चाळीतून आली आहे याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. गणपतीला येणारा चाकरमानी ट्रंकेत कपड्यांखाली वायरीचं बंडल आणि बेकेलाइटची बटणं घेऊन यायचा. गावात तो माल मिळत नसे आणि मिळाला तरी भरवसा नसे.

मी १९८० च्या आसपास एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. पुढे तारतंत्रीचा परवाना काढला, मग ठेकेदाराचा. पहिली दोन-तीन वर्षं माझं काम काय होतं? जुनं वायरिंग उतरवायचं. त्यामुळे माझ्या जन्माआधीच्या पन्नास वर्षांत लोकांनी भिंतीवर काय काय ठोकलं ते मला उलट्या क्रमाने शिकायला मिळालं.

सगळ्यात खालचा थर केसिंग-कॅपिंगचा. सागवानाची पट्टी, तिला दोन खाचा, वरून लाकडी झाकण. एका खाचेतून फेज, दुसरीतून न्यूट्रल. दोन तारा एकमेकींना लागूच नयेत, अशी रचना. ओल येणाऱ्या भिंतीवर पट्टीच्या मागे चिनी मातीचे ठोकळे लावत, म्हणजे लाकूड भिंतीपासून थोडं सुटं राहायचं आणि वारा खेळायचा. आपल्या जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात कशा पाझरतात ते तुम्हाला माहीत आहे. ज्याने कुणी हे ठोकळे शोधले त्याने कोकण पाहिलं नसेल, पण काम कोकणचंच केलं.

त्या पट्टीतली तार रबराची असायची. तांब्यावर रबर, त्यावर कापडी फीत, त्यावर सुती वेणी आणि ती डांबरी मिश्रणात भिजवलेली. आतलं तांबं पिवळसर-लाल नसायचं, चंदेरी दिसायचं. मिस्त्रींना विचारलं, तर ते म्हणाले कल्हई आहे. का, ते नंतर कळलं. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात, आणि गंधक तांब्याला खातं. म्हणून तांब्याला कथलाचा मुलामा. भांड्याला चिंचेपासून वाचवायला कल्हई करतात, तसंच हे. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने एका वस्तूचा दुसऱ्या वस्तूवर काय परिणाम होईल याचा असा विचार केला होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण साहित्य निवडणं म्हणजे चांगलं ते घेणं एवढंच नसतं. कोणत्या वस्तूच्या शेजारी कोणती वस्तू बसणार, भिंत कसली, हवा कसली, भार किती, हे सगळं बघावं लागतं.

केसिंगचे शत्रू दोन, वाळवी आणि वय. पंचवीस-तीस वर्षांत रबर कडक होतं. उतरवताना तार वाकवली की वरचं आवरण सुक्या चिखलासारखं गळून पडायचं. हात लावेपर्यंत ती तार ठीक होती. पंखा फिरत होता, दिवा लागत होता. कितीतरी जुन्या चाळी आणि वाडे असेच ‘हात लावू नका’ या एकाच तत्त्वावर उभे होते, काही अजून आहेत.

मग बॅटन वायरिंग आलं. सागाची पातळ पट्टी, त्यावर आवरणाची दुपदरी तार, आणि तिला धरून ठेवणाऱ्या पितळी क्लिपा. भिंतीत लाकडी गिट्ट्या बसवायच्या, पट्टी ठोकायची, क्लिपा एका ओळीत आणि एका अंतरावर. चांगल्या मिस्त्रीची ओळख या क्लिपांवरून व्हायची. सगळं डोळ्यांसमोर असायचं. तार तापली, रंग बदलला, उंदराने कुरतडली, तर घरातल्या बाईला दिसायचं. आज पाइप भिंतीच्या आत गेला आणि ही सोय गेली. भिंत देखणी झाली, पण आत काय आहे ते फक्त बसवणाऱ्याला माहीत, आणि तो बिल घेऊन गेलेला.

एक लहानसा फाटा. आपली तीन गोल पिनांची जी टॉप आहे, ती मूळची ब्रिटिश पद्धत. पाच अँपिअरची लहान आणि पंधराची मोठी, आता त्यांना सहा आणि सोळा म्हणतात. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांची आणि टॉपमध्येच फ्यूज असलेली पद्धत स्वीकारली. एक कारण असं की महायुद्धानंतर तांब्याची चणचण होती, आणि एकच तार घरभर गोल फिरवून आणली तर तांबं कमी लागत होतं. त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो आणि गोल पिना आपल्याकडेच राहिल्या. ज्यांची पद्धत त्यांनी टाकली, आपण जपली. यात वाईट काही नाही. पद्धत चांगलीच आहे, फक्त प्रत्येक मोठ्या सॉकेटला बोर्डापासून स्वतंत्र जाड तार हवी. ही अट मात्र आपण विसरलो. गिझरचं सॉकेट पंख्याच्या तारेवर काढलेलं मी किती ठिकाणी पाहिलं, मोजणं सोडून दिलं.

तांब्याची चणचण आपल्यालाही होतीच, आणि इथून आपल्या जिल्ह्याची गोष्ट सुरू होते. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये झालं. १९६२ च्या सुमारास कोयनेची वीज सुरू झाली. वीजघर कुठे, तर पोफळीला, चिपळूण तालुक्यात. पोफळीची वीज मनोऱ्यांवरून घाट आणि खाड्या ओलांडून मुंबईकडे निघाली. मनोऱ्यांखालच्या कितीतरी वाड्या मात्र बरीच वर्षं रॉकेलवर होत्या. त्यांना जेव्हा वीज आली तेव्हा ती अ‍ॅल्युमिनियमच्या तारेतून आली.

त्याचं कारण परकीय चलन. देशात तांब्याच्या खाणी थोड्या, त्यामुळे बरंचसं तांबं आयात करावं लागे आणि तिजोरीत डॉलर नव्हते. बॉक्साइट मात्र आपल्याकडे भरपूर, अगदी पलीकडे कोल्हापूरच्या सह्याद्रीतसुद्धा. तेव्हा सरकारी धोरण ठरलं की जिथे जमेल तिथे तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम वापरा. खांबावरच्या तारांसाठी हा निर्णय एकदम योग्य होता, आजही आहे. अ‍ॅल्युमिनियम हलकं, स्वस्त, लांब ओढता येतं. पण तेच अ‍ॅल्युमिनियम घरात आलं, बटणापर्यंत, होल्डरपर्यंत. १९६० ते ८० च्या दशकांतली कितीतरी घरं, शाळा आणि सरकारी कचेऱ्या अशा तारांवर उभ्या राहिल्या.

अ‍ॅल्युमिनियम वीज नेतं तांब्याच्या साठ-एकसष्ट टक्के. म्हणजे दीड एमएम तांब्याचं काम करायला अडीच एमएम अ‍ॅल्युमिनियम लागतं. हे ठीक, तार जाड घ्या. पण खरी गोम सांध्यात आहे. एक तर हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो थर वीज अडवतो. दुसरं, स्क्रूखाली दाबलं की ते हळूहळू पसरतं, आणि तापून-गार होऊन स्क्रू ढिला पडतो. तिसरं, पितळी टर्मिनलला लागलं आणि वर आपली खारी दमट हवा, की दोन धातूंमध्ये गंज सुरू. ढिला सांधा तापतो, तापला की आणखी ढिला होतो. दोन-चार वेळा वाकवली तर तार तुटते ते वेगळंच. अमेरिकेतही १९६५ ते ७२ या काळात तांबं महागलं म्हणून घरांत अ‍ॅल्युमिनियम घातलं गेलं. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज इथे एका घराला आग लागून दोघं गेली, तेव्हा सरकारी चौकशी सुरू झाली. त्यांचा निष्कर्ष असा की अशा जुन्या घरांत सांधे आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट आहे. दोष तारेच्या मधल्या लांबीचा नव्हता, टोकांचा होता.

गंमत बघा. आपल्या रत्नागिरीत सत्तरच्या दशकात सरकारी अ‍ॅल्युमिनियम कारखान्यासाठी जमिनी घेतल्या. कारखाना झाला नाही. नव्वदच्या दशकात स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना येणार होता. मोठं आंदोलन झालं, १९९४ मध्ये काम थांबलं आणि तो तुतिकोरीनला गेला. तिथे २०१८ च्या मे महिन्यात आंदोलकांवर गोळीबार झाला, १३ माणसं गेली, कारखाना बंद पडला, आणि देश पुन्हा तांब्यासाठी बाहेरच्यांकडे बघू लागला. ज्या दोन धातूंवर वायरिंगचा सगळा इतिहास चालतो ते दोन्ही आपल्या दारापर्यंत येऊन परत गेले. बरं झालं की वाईट, यावर इथे भांडण नको. आंदोलनात असलेली माणसं ही पोस्ट वाचतात आणि माझं मत त्यांना माहीत आहे.

आता फ्यूजबद्दल. चिनी मातीचा किटकॅट फ्यूज ही वस्तू साधी आणि प्रामाणिक होती. त्यातली बारीक तार ठरलेल्या भाराला वितळायची आणि घर वाचायचं. पण फ्यूज वारंवार जायला लागला की घरचा कर्ता माणूस काय करायचा, तर वायरीचा एक पदर काढून त्यात गुंडाळायचा. जुने मिस्त्री ज्याला ‘तीन बावीस’ म्हणत ती तार म्हणजे बावीस गेजचे तीन पदर. त्यातला एक पदर वितळायला पन्नासच्या आसपास अँपिअर लागतात. आणि ती अख्खी तार पेलणार दहाच्या आसपास. म्हणजे फ्यूज वाचणार आणि घर जळणार. एमसीबी आल्यावर हा प्रकार कमी झाला, पण मनोवृत्ती गेली नाही. आता एमसीबी पडायला लागला की सोळाच्या जागी बत्तीसचा बसवतात, भिंतीतली तार तीच ठेवून. तारेवरून एमसीबी ठरतो. हे वाक्य मी शिकाऊ पोरांकडून घोकून घ्यायचो.

सांध्याचं महत्त्व कुणाला पटत नसेल तर त्याने दिल्लीच्या उपहार सिनेमाचा निकाल वाचावा. १३ जून १९९७. इमारतीच्या तळमजल्यावर वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच दिवशी सकाळी त्याला किरकोळ आग लागली होती. दुरुस्तीला माणसं आली, केबलचे दोन सॉकेट बदलले. ते दाबून बसवायला क्रिम्पिंग मशीन लागतं. ते न वापरता डाय आणि हातोडीने ठोकून बसवले. संध्याकाळी पाचच्या सुमारास केबल सुटली, ठिणग्या उडाल्या, तेल पेटलं. धूर जिन्यातून बाल्कनीत चढला. ५९ माणसं मेली, बहुतेक गुदमरून, कारण बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून वाट अडवली होती. कोर्टाने मालकांना, वीज मंडळाला, पालिकेला सगळ्यांना बोल लावला तो रास्तच आहे. पण माझ्या डोक्यातून ती हातोडी जात नाही. मी आयुष्यभर हे काम केलंय. सकाळी दहा-अकराला ‘चला, झालं’ म्हणून हात पुसत निघणारा माणूस मला दिसतो. तो दुष्ट नसतो. त्याला अवजार मिळालेलं नसतं आणि कुणी विचारणारं नसतं.

भंडाऱ्याची आठवण सगळ्यांना आहे. ९ जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. तपासणीचा कागद आणि भिंतीतली तार यांची भेट होतेच असं नाही.

तारेच्या आवरणाचाही इतिहास आहे. रबर गेलं, पीव्हीसी आलं. पीव्हीसी स्वस्त, ओलीला न घाबरणारं, रंगीत करता येणारं. लाल, पिवळी, निळी फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला, ही शिस्त त्याच्यामुळे शक्य झाली. पण पीव्हीसी जळलं की दाट काळा धूर होतो आणि त्यात हायड्रोजन क्लोराइड असतो, तो डोळे-घसा जाळतो. लहान मुलं आणि अंधारा जिना असेल तर बाहेर पडायचं दार सापडत नाही. म्हणून एफआर आणि एफआरएलएस वायरी निघाल्या, पहिली आग पसरू देत नाही, दुसरी धूरही कमी करते. घरात एक वेळ साधी एफआर चालेल. पण शाळा, दवाखाना, सभागृह इथे एफआरएलएसच हवी, असं माझं ठाम मत आहे. फरक बंडलामागे थोडक्या रुपयांचा आहे.

आता आपल्या शाळेकडे येतो. अंदाजपत्रकात सिमेंटची प्रत आहे, फरशीचा आकार आहे, रंगाचे किती हात ते आहे, खिडकीच्या कड्यांची संख्यासुद्धा आहे. विजेच्या कामाची एकच ओळ आहे: ‘वायरिंग, फिटिंगसह, एकरकमी’. बस्स. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘चांगल्या कंपनीची टाकू की, काका.’ बोलणारा मुलगा भला आहे, त्याच्यावर राग नाही. पण एकरकमी म्हणजे जेवढं वाचेल तेवढं ठेकेदाराचं, आणि भिंतीत गाडलेल्या तारेत वाचवणं सगळ्यात सोपं.

आणि शाळा आता पूर्वीची राहिलेली नाही. खोलीला दोन दिवे आणि एक पंखा होता तेव्हाचा जुना नियम असा की दिव्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट किंवा ८०० वॉट. आता तिथे संगणक, मोठा टीव्ही, पाण्याचा फिल्टर, ऑफिसात उद्या एसी येईल. पोषण आहाराच्या खोलीत कुणीतरी इंडक्शन शेगडी लावेल, ती एकटी २००० वॉट, म्हणजे नऊ अँपिअर. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, दुप्पट नाही.

तेव्हा त्या एका ओळीच्या जागी काय हवं ते लिहितो. दिवे-पंख्यांना दीड एमएम, साध्या सॉकेटांना अडीच, शेगडी-एसीला चार, सगळं तांब्याचं, आयएस ६९४ चा शिक्का आणि आयएसआय चिन्ह असलेलं, एफआरएलएस. २००३ च्या केंद्र सरकारच्या आदेशानुसार आयएसआय चिन्हाशिवाय वायर विकताच येत नाही, तरी बाजारात मिळते. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियमही मिळतं. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं की समजायचं. दीड एमएमच्या ९० मीटर बंडलात तांबंच सव्वा किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे आवरणासकट बंडल त्याहून हलकं असूच शकत नाही. वाण्याचा काटा पुरे. मल्टिमीटर असेल तर अख्ख्या बंडलाचा रोध सव्वा ओहमच्या आत यायला हवा.

अर्थिंग हा आपल्याकडचा जुना रडगाणा. खाली जांभा, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. अर्थिंगचा खड्डा नियमाप्रमाणे खणायचा म्हणजे सुरुंग लावायची वेळ येते, म्हणून फूटभर खणून वर मीठ-कोळशाची चिमूट टाकून फोटो काढतात. मे महिन्यात मोजा म्हणजे खरं काय ते कळेल. पावसात कुठलंही अर्थिंग चांगलं दिसतं. आणि ज्या जागी अर्थिंग कच्चं राहण्याची भीती, तिथे आरसीसीबी हवाच, ३० मिलिअँपिअरचा. गळतीचा प्रवाह एवढा झाला की तो वीज तोडतो. ओल्या हाताने फिल्टरच्या नळाला हात लावणाऱ्या सात वर्षांच्या पोरासाठी तेवढंच एक उपकरण आहे, एमसीबी त्याला वाचवत नाही. २०१० च्या सुरक्षा नियमांत ५ किलोवॅटच्या आतल्या लहान जोडण्यांना गळतीरोधकाची सक्ती नव्हती, त्यामुळे ‘लहान कामाला लागत नाही’ ही समजूत रुजली. पुढे ती मर्यादा खाली आली, पण समजूत तशीच आहे.

शेवटचं, टेस्ट रिपोर्ट. परवानाधारक ठेकेदाराची सही असलेला कागद. ही सही काही ठिकाणी विकत मिळते, काम न बघता. हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा, मान खाली घालेल. आपण एवढंच मागायचं की मेगर सगळ्यांसमोर लावावा आणि आकडा एक मेगओहमच्या वर आहे हे मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीने स्वतः पाहून सही करावी. प्लॅस्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीतल्या पाइपांचे फोटो काढून शाळेत ठेवावेत. रिकाम्या बंडलांची वेष्टनं फेकू नयेत, मोजून ठेवावीत. मेगर माझ्याकडे आहे, चालू आहे, आणि त्या दिवशी मी घेऊन येईन.